तानुबाईचे लोड

सावरघाटाला खडकपूर्णेच्या काठावर काळ्या खडकाची पुरुषभर उंचीची कड आहे. चिखलीकडून देऊळगाव राजाला जाणारी पायवाट तिथं येऊन थांबायची आणि पावसाळाभर माणसं नावेतून पलीकडं उतरायची. वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले तेव्हाची ही गोष्ट. त्या घाटावर तानुबाई भोईण नाव बांधायची. वल्हं तिनं कधी हातात धरलं नाही, नावेत पाऊलही क्वचितच टाकलं. नाव काठाला आली की दोर झेलायचा, बांधायचा, आणि माणसं उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढं तिचं काम. हे काम ती भिऊन भिऊनच करायची. नाव समोरच्या काठावरून सुटली की ती उठून उभी राहायची आणि शेवटचा माणूस उतरून गेला की मगच खाली बसायची.

या भीतीला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी श्रावणात तिचा नवरा मोतीराम याच कडेशी गेला होता. नाव भरून येत होती, पाण्याला ओढ होती. मोतीरामनं नेहमीसारखी दोर घेऊन खडकावर उडी मारली आणि नाव दगडावर आपटू नये म्हणून एक पाय तिला लावला. असा पाय त्यानं हजार वेळा लावला असेल. त्या दिवशी दुसरा पाय शेवाळावर घसरला. तो कमरेपर्यंत नाव आणि खडकाच्या मधल्या फटीत गेला आणि भरलेली नाव एकदाच आत आली. तानुबाई वरच्या अंगाला धुणं धूत होती. तिला ओरडणं ऐकू आलं नाही. ओला बांबू मोडावा तसा एक आवाज तेवढा आला. मोतीराम दुपार टळेपर्यंत जिवंत होता. मध्येच डोळे उघडून त्यानं विचारलं, "दोर बांधला काय?" ती म्हणाली, "हाव, बांधला." त्यानंतर तो बोलला नाही.

मग नाव तिच्या दिराकडं, रंगरावाकडं आली. तो म्हणाला, "वैनी, तुमी घरीच ऱ्हा. पोरीकडं, शालूकडं पाहा. घाटावर तुमचं काय काम?"

ती आठ दिवस घरी राहिली. पण घर घाटापासून हाकेवर होतं. नाव काठाला लागली की खडकाचा ठोका घरात ऐकू येई, आणि दर ठोक्याला तिच्या हातातलं काम गळून पडे. कोणी गेलं तर नाही ना, हे कळायला धावत यावं लागे. नवव्या दिवशी ती घाटावर येऊन बसली. "घरून आयकू येते तं जास्ती भेव वाटते," तिनं रंगरावाला सांगितलं. "इथं निदान डोयानं तं दिसते."

बसल्या बसल्या तिनं पहिली गोष्ट केली ती लोडांची. पाणी काढायच्या जुन्या मोटांचं चामडं गावात कुणाकडं ना कुणाकडं पडलेलं असे. ते मागून आणून, भिजवून, तिनं त्याचे लांबट गोल पिशवे शिवले. दोर वळताना अंबाडीचा जो चोथा उरतो तो त्यांत दाबून दाबून भरला. असे चार लोड तिनं कडेवरच्या चार लोखंडी खुंट्यांना दोरानं टांगले, अर्धे पाण्यात, अर्धे वर. नाव आता दगडाला लागायच्या आधी त्यांना लागे. कडकडणारा ठोका गेला, त्याजागी मऊ धप्प असा आवाज आला.

लोक हसले. "नावेले लोड कायले वो तानुबाई? नवरदेव हाय काय ते, टेकून बसाले?"  पाणी चढलं की लोड वर घ्यायचे, उतरलं की खाली सोडायचे; दिवसातून चार वेळा ती त्यांची उंची बघायची. दोर बांधायचाही तिचा एक नेम होता. कडेच्या अंगाला, खाली, एक लोखंडी कडी खडकात ठोकलेली होती आणि वर मातीत बाभळीचा जाड खुंट होता. पाणी उतरत असलं तर कडीला बांधायचं. चढत असलं तर कडीला हात लावायचा नाही; खुंटाला दोन वेढे द्यायचे, शेंडा हातात ठेवायचा, आणि नाव वर येईल तसा दोर कमीजास्त करत राहायचं. चढत्या पाण्यात नाव खाली घट्ट बांधली तर पाणीच तिला बुडवतं, हे तिला मोतीरामनं नव्या नवरीपणी सांगितलं होतं.

मोतीराम जाऊन सहा वर्षं झाली त्या वर्षी आश्विनात दसरा होऊन गेला होता आणि देऊळगावच्या बालाजीच्या जत्रेहून माणसं परतत होती. सकाळपासून रंगरावाच्या चार खेपा झाल्या होत्या. ऊन लख्ख होतं. हस्त नक्षत्रातला हत्तीचा पाऊस यंदा इकडं आलाच नाही म्हणून शेतकरी कुरकुरत होते. तानुबाई कडेवर बसून एका लोडाची उसवलेली शिवण घालत होती. दाभण ओढता ओढता तिची नजर पाण्यावर गेली आणि हात थांबला.

पाणी गढुळलं होतं. मघाशी हिरवट होतं, आता गुळाच्या पाण्यासारखं दिसत होतं. कडेला खोदलेल्या पाच पायऱ्यांपैकी तीन सकाळी कोरड्या होत्या. आता दोनच होत्या. मग फेसाचा एक पट्टा आला, त्यामागं कडब्याच्या पेंढ्या, आणि त्यामागं हिरव्या पाल्यासकट उंबराची एक फांदी. फांदीवर कावळा बसलेला होता आणि तो उडत नव्हता.

वर निजामाच्या मोगलाईत कुठंतरी पाऊस पडला होता. पूर येत होता, आणि नाव पलीकडं भरत होती.

ती उठून उभी राहिली. पदर हातात घेऊन हलवला. "भाऊजी! येऊ नका! थांबा तिकडंच!" पण पात्र रुंद होतं आणि वारा तिच्याच तोंडावर होता. पलीकडून रंगरावानं हात वर केला. त्याला वाटलं, वैनी बोलावते आहे. नाव सुटली.

  पळून घरी जावं, दार लावून घ्यावं आणि कानात बोटं घालावी, असं तानुबाईला अगदी खरोखर वाटलं. पाय दोन पावलं मागं गेलेही. मग तिला दिसलं की चारही लोड पाण्याखाली गेले आहेत. नाव आता उघड्या खडकावर येणार होती.

ती खाली बसली, खडकाच्या कडेवर पोटावर पडली आणि पहिला लोड ओढू लागली. भिजलेला लोड वासरासारखा जड झाला होता. तो वर घेऊन खुंटीला आवळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. चौथ्याचा दोर कपारीत अडकला होता. तिनं हिसके दिले, रडली, शिवी दिली, पण तो निघाला नाही. तेवढ्यात नाव जवळ आली.

नावेत बावीस माणसं होती. रंगराव मागं उभा राहून बांबू रेटत होता आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पुढं भगवंतराव बसले होते, चिखलीकडचे मोठे जमीनदार, फेटा बांधलेले, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या शेजारी त्यांची म्हातारी आई अन्नपूर्णाबाई प्रसादाची पाटी मांडीवर धरून बसली होती. बाकीचे सगळे पाण्याकडं बघत होते.

"वैनी, झेला!" रंगराव ओरडला. मागचा दोर तिच्या अंगावर येऊन पडला. तिनं तो उचलला, धावत खुंटाला दोन वेढे दिले आणि शेंडा धरून मागं रेलली. नाव धप्प करून लोडांवर आली. एकदा, दोनदा. लोडांनी मार सोसला. तानुबाईनं डोळे उघडले. कधी मिटले होते ते तिला कळलं नव्हतं.

आता पुढचा दोर बांधायचा होता. रंगराव पुढं येईपर्यंत भगवंतरावांनी तो उचलला, हातात घेऊनच खडकावर उडी टाकली, आणि जवळ दिसली ती कडी धरून त्यात दोर ओवला.

"तिथं नका बांधू!" तानुबाई किंचाळली. "मालक, कडीले नका! पाणी चढून राह्यलं!"

पण माणूस घाबरला की त्याला घट्ट धरावंसं वाटतं.  भगवंतरावांनी तोकडा दोर ओढून एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, तिच्यावर तिसरी. "आता हालत नाही," ते म्हणाले. "आता उतरा रे एकेक."

चार गडी माणसं उड्या मारून वर आली. पाचवा उठला तेव्हा कडी पाण्याखाली गेली.

पुढं काय होणार ते तानुबाईला झालं त्याआधीच दिसलं. पाणी नावेला वर उचलत होतं आणि तोकडा दोर नावेचं पुढचं टोक खाली ओढून धरत होता. नाव खडकाच्या बाजूला कलू लागली. माणसं किंचाळत उठली आणि उतरायच्या घाईनं त्याच बाजूला आली. नाव आणखी कलली. काठावरून पाण्याची एक पातळ धार आत शिरली. अन्नपूर्णाबाईच्या मांडीवरची पाटी उलटली, लाह्या आणि बत्तासे पाण्यात तरंगू लागले.

"बसा! खाली बसा सगळे!" रंगराव ओरडत होता. "तिकडच्या बाजूले सरका!" पण त्याचं कोण ऐकतं?

भगवंतराव पाण्यात हात घालून गाठ सोडू पाहत होते. ताणावर आलेली ओली गाठ दगड झाली होती. त्यांची नखं सोलली. "सुटत नाही," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "माय आहे वो माझी त्यात."

दोर कापावा लागणार होता. तानुबाईच्या कमरेला लोड शिवायची छोटी सुरी होती. पण पुढचा दोर कापला की नाव एकट्या मागच्या दोरावर राहणार, आणि तो तिच्या हातात होता. ती जागची हलली तर तो कोण धरणार? आणि पुढून सुटलेली नाव प्रवाहात गिरकी घेऊन परत खडकावर येणार ती खालच्या अंगाला, जिथं लोड नव्हते. सहा वर्षं जो आवाज कानात होता तो तिला पुन्हा ऐकू आला.  तिचं लुगडं त्या दिवशी भिजलं ते सगळं नदीच्याच पाण्यानं, असं तिनं पुढं कधी म्हटलं नाही.

"मालक, इकडं या," ती म्हणाली. इतक्या मोठ्या माणसाशी ती आयुष्यात असं बोलली नव्हती. "हे धरा. वेढे खुंटालेच राहू द्या. वढू नका अन् सोडू बी नका. नुसतं धरून ऱ्हा."

"तू काय करतेस?"

"दोर कापतो म्या."

"कापू नको!" वर आलेली माणसंही ओरडली, "कापू नको बाई, वाहून जाईल!" नावेतल्या बायकांनी ते ऐकलं आणि एकच आकांत केला.

"भाऊजी," तानुबाईनं हाक दिली.  तिनं नुसती सुरी वर करून दाखवली. रंगरावानं पाहिलं. त्यानं मान डोलावली आणि बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला.

शेंडा भगवंतरावांच्या हातात देऊन आधी तिनं तिसरा लोड खुंटीवरून सोडवला आणि कडेकडेनं ओढत खालच्या अंगाला नेऊन टाकला. मग परत आली, पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरली आणि नावेच्या अगदी जवळ, त्याच फटीच्या तोंडाशी, हात घालून दोरावर सुरी चालवू लागली. तिनं खाली पाहिलं नाही. "मोतीराम, मोतीराम," असं ती पुटपुटत होती. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. अंबाडीचा एकेक पीळ तुटत गेला आणि शेवटचा आपसूक तटकन तुटला.

नावेचं टोक उसळून वर आलं. नाव सरळ झाली, आणि तिथंच पुढचं अंग प्रवाहानं ओढून नेलं. नाव आडवी झाली, गरकन फिरली. खुंट करकरला. भगवंतराव दोराबरोबर दोन हात फरपटत पुढं गेले, गुडघ्यांवर पडले, पण त्यांनी शेंडा सोडला नाही.

तानुबाई धावत होती. धावताना दोनदा पडली. खालच्या अंगाला पोचून तिनं लोड कडेवरून खाली सोडला. बांधायला खुंटी नव्हती, म्हणून दोर उजव्या मनगटाला गुंडाळला आणि पालथी पडून डाव्या हातानं लोड जागेवर धरला. नाव येत होती. ती आता दुसऱ्या अंगानं, सगळ्या वजनासकट, थेट तिच्याकडं येत होती. हात काढून घ्यावा असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. पण हात काढला असता तर लोड प्रवाहानं सरकला असता.

नाव आली. धप्प झालं, आणि त्या धप्पामध्ये एक बारीकसा वेगळा आवाजही झाला.

"वैनी, बांधू का?" रंगरावानं विचारलं. तो खडकावर उतरला होता, त्याच्या हातात उरलेला दोर होता.

"वरच्या खुंटाले," ती म्हणाली. "सैल ठेवा. अन् पहिले म्हाताऱ्या बाईले काढा."

एकेक माणूस नावेतून निघालं. काही जण घाईत तिच्या पाठीवर पाय देऊन वर चढले. ती हलली नाही. अन्नपूर्णाबाईला दोघांनी उचलून घेतलं. म्हातारी वर येताना खाली वाकून बघत म्हणाली, "अवं, हिच्या हाताखाली पाणी लाल काऊन झालं?"

सगळी उतरल्यावर रंगरावानं बांबू घालून नाव बोटभर दूर रेटली. तेव्हा कुठं तिला हात काढता आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लोड आणि खडकाच्या मध्ये चेपून गेलं होतं. तिनं हाताकडं पाहिलं, मग रंगरावाला विचारलं, "सगळे हायेत काय? मोजा." त्यानं मोजले. बावीस होते. "पुन्हा मोजा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा मोजले. मग तिला थंडी भरली आणि ती इतकी थरथरायला लागली की चार बायकांनी धरून घरी न्यावी लागली.

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही बोटं काढली. भगवंतरावांनीच आपल्या बैलांच्या दमणीतून तिला तिथवर नेलं, वाटभर एक शब्द न बोलता. पुढं मात्र त्यांनी चार ठिकाणी ही हकीकत सांगितली, आणि दर वेळी त्यात त्यांनी धरलेला दोर थोडा थोडा वाढत गेला. ते तानुबाईच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "खोटं नाई ते. सोडला असता तं काय झालं असतं?" अन्नपूर्णाबाईनं मात्र घरच्या दोन कोऱ्या मोटा गाडीत घालून सावरघाटाला पाठवून दिल्या. निरोप होता: माझ्याकडून लोड शिव, पण जाड शिव.

"लय धीट बाई," लोक म्हणू लागले. लोडांना हसायचं थांबलं. पलीकडच्या काठालाही चार टांगले गेले. तानुबाईला मात्र धीटपणाचं बोलणं समजायचं नाही. महिनाभर ती घाटाकडं फिरकली नाही. झोपेत हात झटकायची. शालू तेरा वर्षांची झाली होती, ती आईच्या अंगावर हात टाकून निजायची. मग एका दुपारी घरात बसलेली असताना नाव लागल्याचा आवाज आला, आणि तो मऊ नव्हता. कोणीतरी लोड खाली सोडायला विसरलं होतं. ती तशीच चुलीपुढून उठली, पिठाच्या हातानं घाटावर गेली आणि आठ बोटांनी लोड बांधू लागली. त्यानंतर नऊ वर्षं ती तिथं होती आणि या नऊ वर्षांत एकदाही तिची भीती कमी झाली नाही. "भेव हाय म्हणून तं पाहातो म्या," ती रंगरावाला म्हणायची. "ज्याले भेव नाई, तो पाय लावते."

शालूला त्या पुरानंतर दोन वर्षांनी मागणी आली, मोताळ्याकडच्या एका गावातून. मुलगा चांगला, घर चांगलं. बोलणी करायला पाहुणे आले तेव्हा तानुबाईनं दाराआडून पहिलं विचारलं, "गावाले नदी हाय काय?"

"नाई," मुलाचा बाप किसनराव म्हणाला. "नदी नाई, नालाबी नाई. इहीर हाय, घराच्या मांगं."

 पाहुण्यांनी पान खाल्लं, चुन्याची डबी फिरली, आणि दाराआडून पुन्हा विचारणा झाली.

"इहिरीले कठडा हाय काय?"

किसनराव हसला. म्हणाला, कठडा कशाला, आमच्या चार पिढ्या त्याच विहिरीचं पाणी शेंदत आल्या. रंगराव मात्र हसला नाही. तो खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती टोकरत राहिला. दुसऱ्या दिवशी तानुबाई त्याला घेऊन बैलगाडीनं मोताळ्याकडं निघाली, ती विहीर स्वतः पाहायला. लोकांना ते विचित्र वाटलं. मुलीच्या आईनं असं जायची रीत नव्हती. तिनं विहिरीत डोकावूनही पाहिलं नाही. चार हात दूर उभी राहिली, एका झाडाला धरून.

"कठडा बांधा," ती किसनरावाला म्हणाली. "मंग तारीख काढू."

पौषात कठडा झाला. माघात हळद लागली.